फ्रेडरिक बँटिंग

सर फ्रेडरिक ग्रँट बँटिंग (१४ नोव्हेंबर, १८९१ – २१ फेब्रुवारी, १९४१) हे कॅनडाचे शल्यचिकित्सक व वैद्यकीय संशोधक होते. मधुमेहावरील इन्सुलिन या औषधाचे ते प्रमुख संशोधक मानले जातात. या शोधासाठी १९२३ मध्ये त्यांना जॉन मॅक्लिऑड यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळालेले ते पहिले कॅनेडियन होत. वैद्यकशास्त्रातील सर्वांत तरुण नोबेल विजेते हा त्यांचा मान आजही अबाधित आहे.

बँटिंग मूळचे हाडांचे शल्यचिकित्सक होते. नोकरीअभावी त्यांचा तो मार्ग सुटला आणि ते मधुमेहाकडे वळले. परंतु त्यांच्या शोधाचा लाभ पुढे हाडांच्या उपचारांनाही झाला. मधुमेही व्यक्तीच्या जबड्यात कृत्रिम दाताचा खुंट बसवला असता त्याभोवतीचे हाड नीट भरून येणे हे रक्तातील साखरेच्या नियंत्रणावर बरेच अवलंबून असते, आणि असे नियंत्रण प्रथम शक्य झाले ते इन्सुलिनमुळे.

बालपण आणि शिक्षण

बँटिंग यांचा जन्म कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील ॲलिस्टन या गावाजवळील शेतावर झाला. वडिलांचे नाव विल्यम व आईचे मार्गारेट. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरचा व्यवसाय शेतीचा होता. शाळेत ते विशेष हुशार गणले जात नसत, मात्र कष्टाची त्यांना सवय होती.

१९१० मध्ये त्यांनी टोरोंटो विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया महाविद्यालयात कला शाखेत प्रवेश घेतला. पहिल्याच वर्षी ते अनुत्तीर्ण झाले. १९१२ मध्ये ते वैद्यक शाखेकडे वळले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला, पण दृष्टिदोषामुळे त्यांना नाकारण्यात आले. पुढे युद्धामुळे डॉक्टरांची निकड वाढली, वैद्यकीय अभ्यासक्रम आटोपता घेण्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये पदवी मिळताच बँटिंग कॅनडाच्या सैनिकी वैद्यकीय दलात दाखल झाले.

युद्ध आणि अस्थिशल्यचिकित्सा

इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे कॅनडाचे एक विशेष सैनिकी रुग्णालय होते. तेथे बँटिंग यांनी अस्थिशल्यचिकित्सक क्लॅरेन्स स्टार यांच्या हाताखाली काम केले. गोळ्यांनी चिरफाळलेली हाडे जुळवणे, चिघळलेल्या जखमा स्वच्छ करणे, निकामी झालेल्या हातापायांत पुन्हा हालचाल आणणे, असे ते काम होते.

सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील काँब्रे येथील लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांच्या उजव्या हाताला जखम झाली. तरीही त्यांनी कित्येक तास इतर जखमींवर उपचार चालू ठेवले. या कामगिरीबद्दल १९१९ मध्ये त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी टोरोंटोच्या बालरुग्णालयात स्टार यांच्याच विभागात प्रशिक्षण पूर्ण केले. तेथे कायम जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती. ती फलद्रूप झाली नाही. अखेरीस जुलै १९२० मध्ये त्यांनी ऑन्टारियोतीलच लंडन या शहरात स्वतःचा दवाखाना उघडला. इंग्लंडच्या राजधानीशी या शहराचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.

एका रात्रीची कल्पना

लंडनमध्ये रुग्ण फिरकेनात. पहिल्या महिन्याची बँटिंग यांची कमाई अवघी ४ डॉलर होती. उत्पन्नाला जोड म्हणून त्यांनी तेथील वेस्टर्न विद्यापीठात अर्धवेळ शिकवण्याचे काम पत्करले. ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस त्यांना शरीरातील साखरेच्या चयापचयावर व्याख्यान द्यायचे होते. त्याच्या तयारीत असताना मोझेस बॅरन या शास्त्रज्ञाचा स्वादुपिंडाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला.

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध तोवर ठाऊक झालेला होता. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स यांनी स्वादुपिंडातील पेशींची वेगळी बेटे पाहिली होती. १८८९ मध्ये ऑस्कर मिंकोव्हस्की व योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्याला मधुमेह होतो हे दाखवून दिले होते. बेटांतून कोणता तरी स्राव रक्तात मिसळतो आणि तो साखर आटोक्यात ठेवतो, असा तर्क त्यावरून निघत होता. परंतु तो स्राव वेगळा काढण्याचे प्रयत्न फसत होते. स्वादुपिंडातील पाचकरसच त्याचा नाश करत असावा, अशी शंका होती.

बॅरन यांच्या लेखात स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झालेल्या एका रुग्णाची हकिकत होती. त्या रुग्णाच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशी सुकल्या होत्या. बेटे मात्र शाबूत होती. ३१ ऑक्टोबरच्या पहाटे बँटिंग यांनी आपल्या वहीत एक टिपण केले. कुत्र्याची स्वादुपिंड-नलिका बांधावी, पाचकरसाच्या पेशी सुकू द्याव्यात आणि उरलेल्या बेटांपासून अर्क काढावा, अशी ती कल्पना होती.

टोरोंटोतील प्रयोग

नोव्हेंबर १९२० मध्ये बँटिंग टोरोंटो विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांना भेटले. बँटिंग यांना संशोधनाचा अनुभव नव्हता, विषयाचे वाचनही बेताचेच होते. मॅक्लिऑड यांना शंका होती, तरीही त्यांनी प्रयोगशाळेत जागा, काही कुत्री आणि एक विद्यार्थी साहाय्यक देऊ केला. चार्ल्स बेस्ट व क्लार्क नोबल या दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी काम करावे हे नाणे उडवून ठरले. कौल बेस्ट यांच्या बाजूने लागला आणि पुढेही तेच टिकून राहिले.

१७ मे १९२१ रोजी प्रयोग सुरू झाले. उन्हाळा कडक होता, शस्त्रक्रियांची खोली कोंदट होती आणि सुरुवातीला अनेक कुत्री दगावली. ३० जुलै रोजी मधुमेही केलेल्या एका कुत्र्याला अर्क टोचल्यावर त्याची रक्तशर्करा उतरली. त्यानंतरच्या प्रयोगांत हाच परिणाम पुन्हा पुन्हा दिसला.

वर्षअखेरीस असे लक्षात आले की नलिका बांधण्याची मूळ युक्ती आवश्यकच नव्हती. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडापासून अल्कोहोलच्या साहाय्याने परिणामकारक अर्क मिळत होता. ज्या कल्पनेने संशोधनाला चालना दिली ती अशा रीतीने मागे पडली, पण तिने दाखवलेली दिशा बरोबर ठरली. अर्क शुद्ध करण्यासाठी डिसेंबर १९२१ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप या गटात सामील झाले.

पहिले रुग्ण

त्या काळी तीव्र मधुमेह झालेल्या मुलांसाठी उपासमारीखेरीज उपचार नव्हता. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीने अन्न अत्यंत कमी करून आयुष्य थोडे लांबवता येत असे. मुले त्यात अस्थिपंजर होत.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याचे वजन सुमारे २९ किलो होते. रक्तशर्करा ४४० वरून ३२० मिलिग्रॅमपर्यंत उतरली, पण अर्क अशुद्ध असल्याने टोचल्या जागी गळू झाले. उपचार थांबवावा लागला. पुढच्या बारा दिवसांत कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शने सुरू झाली. एका दिवसात रक्तशर्करा ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली आणि मुलाला तरतरी वाटू लागली. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंग यांच्याकडे आली. त्या वेळी तिचे वजन सुमारे २० किलोपर्यंत घटले होते. इन्सुलिनवर ती सुधारली, पुढे संसाराला लागली आणि १९८१ पर्यंत जगली.

मे १९२२ मध्ये मॅक्लिऑड यांनी वॉशिंग्टन येथील वैद्यकपरिषदेत या शोधाची औपचारिक घोषणा केली. बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून औषधाला इन्सुलिन हे नाव देण्यात आले.

स्वामित्वहक्क आणि उत्पादन

बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी इन्सुलिनचे स्वामित्वहक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. एखाद्या कंपनीने मक्तेदारी करून औषध रोखू नये, तसेच निकृष्ट औषध बाजारात येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी विद्यापीठाने अमेरिकेतील एलाय लिली या कंपनीशी करार केला. डेन्मार्कचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग १९२२ मध्ये टोरोंटोला आले. त्यांच्या पत्नी मारी यांना मधुमेह होता. क्रोग यांनी परवाना मिळवून आपल्या देशात उत्पादन सुरू केले. १९२३ च्या अखेरीपर्यंत इन्सुलिन अनेक देशांत मिळू लागले.

नोबेल पारितोषिक आणि श्रेयाचा वाद

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. प्रत्यक्ष प्रयोगांत बेस्ट आपल्या बरोबरीने राबले असता त्यांना वगळले गेले, याचा बँटिंग यांना संताप आला. त्यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. मॅक्लिऑड यांनीही आपल्या वाट्यातील अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली.

बँटिंग व मॅक्लिऑड यांच्यातील कटुता पुढेही राहिली. नंतरच्या इतिहासकारांनी मात्र चौघांचेही योगदान मान्य केले आहे. बँटिंग यांची जिद्द, बेस्ट यांचे परिश्रम, कॉलिप यांचे रसायनज्ञान आणि मॅक्लिऑड यांचे मार्गदर्शन यांपैकी एक जरी उणे असते तरी एवढ्या अल्प काळात औषध सिद्ध होणे कठीण होते. रुमानियाचे निकोलाए पाउलेस्कू यांनी १९२१ मध्येच स्वादुपिंडाच्या अर्काविषयी संशोधन प्रसिद्ध केले होते. त्यांच्या कार्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

उत्तरायुष्य

कॅनडाच्या संसदेने बँटिंग यांना वार्षिक ७,५०० डॉलरचे आजीव मानधन मंजूर केले. १९३० मध्ये टोरोंटो विद्यापीठात त्यांच्या नावाची संशोधनसंस्था सुरू झाली. तेथे कर्करोग आणि धुळीमुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसविकार यांवर संशोधन झाले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९३५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांना चित्रकलेचा छंद होता. प्रसिद्ध निसर्गचित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्यासमवेत त्यांनी १९२७ मध्ये उत्तर ध्रुवीय प्रदेशाचा प्रवास करून चित्रे काढली. १९२४ मध्ये त्यांचा मॅरियन रॉबर्टसन यांच्याशी विवाह झाला. त्यांना विल्यम हा मुलगा होता. १९३२ मध्ये घटस्फोट झाल्यानंतर त्यांनी १९३७ मध्ये हेन्रिएटा बॉल यांच्याशी विवाह केला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानचालकांच्या आरोग्यविषयक संशोधनाला चालना दिली. वेगवान विमानात वळण घेताना वैमानिकाची शुद्ध हरपू नये म्हणून विल्बर फ्रँक्स यांनी तयार केलेल्या विशेष पोशाखाला त्यांचे पाठबळ होते. युद्धकार्यासाठी इंग्लंडला निघाले असता २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री न्यूफाउंडलँडमध्ये त्यांचे विमान कोसळले. गंभीर जखमी झालेल्या बँटिंग यांचे दुसऱ्या दिवशी निधन झाले. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते. टोरोंटो येथील माउंट प्लेझंट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

इन्सुलिन, हाड आणि दंतरोपण

बँटिंग यांच्या हयातीत टायटॅनियमचे दंतरोपण अस्तित्वात नव्हते. स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होते असे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यकाला या पद्धतीचा खरा परिचय १९८२ मध्ये झालेल्या परिषदेतून झाला. ती परिषद बँटिंग यांच्याच टोरोंटो शहरात भरली होती. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. तोपर्यंत गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढलेले इन्सुलिन वापरले जात असे.

दंतरोपणात, म्हणजेच बोलीभाषेत इम्प्लांटमध्ये, टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. प्रारंभी तो केवळ आट्यांच्या पकडीने टिकतो. भोवती रक्ताची गुठळी होते, तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात, काही आठवड्यांत कच्चे हाड तयार होते आणि काही महिन्यांत ते पक्के होते. जुनी पकड सैल होत असताना नवे हाड तिची जागा घेते. पहिले काही आठवडे म्हणूनच नाजूक असतात.

मधुमेह अनियंत्रित असल्यास नेमका हाच टप्पा अडखळतो. रक्तातील जादा साखर हाडातील कोलॅजेन प्रथिनाला चिकटून त्याचा चिवटपणा कमी करते. हाड घडवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडल्याने रक्तपुरवठा अपुरा पडतो, दाह लांबतो आणि जंतुसंसर्गाला प्रतिकार करण्याची पांढऱ्या पेशींची शक्ती घटते. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह परस्परांना वाढवतात, ही त्यात आणखी भर पडते.

मधुमेही केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत इन्सुलिन दिल्यावर रोपणाभोवतीचे हाड बरेचसे भरून आल्याचे दिसले आहे. मात्र काही प्रयोगांत हाड आणि टायटॅनियम यांचा प्रत्यक्ष संपर्क निरोगी प्राण्यांइतका झाला नाही. इन्सुलिन हाडाची हानी बरीच टाळते, परंतु सर्वच हानी भरून काढते असे नाही, असा याचा अर्थ होतो. माणसांमध्ये साखर वाढलेली असल्यास रोपणाला स्थैर्य येण्यास अधिक काळ लागतो. साखर आटोक्यात असल्यास यशाचे प्रमाण मधुमेह नसलेल्या रुग्णांच्या जवळपास असते.

यावरून काही उपाय रूढ झाले आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी केली जाते. ती फार वाढलेली असल्यास आधी औषध व आहाराने साखर उतरवून मग रोपण करतात. हिरड्यांचा आजार अगोदर बरा केला जातो. गरजेनुसार प्रतिजैविके व जंतुनाशक गुळण्या दिल्या जातात. रोपणावर दात बसवण्यापूर्वी हाड भरण्यास अधिक अवधी देतात. पृष्ठभाग खरखरीत किंवा जलस्नेही केलेली रोपणे, तसेच रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेली फायब्रिनची जाळी यांचाही वापर होतो. रोपणाच्या जागीच इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन सोडण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते नित्याचे उपचार झालेले नाहीत. धूम्रपान व तंबाखू सोडणे हा या सर्वांतील सर्वांत स्वस्त आणि महत्त्वाचा उपाय होय.

मराठवाड्यातील संदर्भ

मराठवाड्यात नांदेड आणि लातूर ही वैद्यकीय शिक्षणाची महत्त्वाची केंद्रे आहेत. दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व खासगी दंत महाविद्यालये आहेत. शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतही केली जाते. दात पडलेल्या मधुमेही व्यक्तीला रोपण अशक्य आहे, असा समज अनेकांत आढळतो. मधुमेह आहे म्हणून रोपण नाकारले जावे असे नव्हे; साखर किती काळ आणि किती आटोक्यात आहे हा निर्णायक प्रश्न असतो. रोपणाचा खर्च मात्र सामान्य शेतकरी कुटुंबाला जड जातो. त्यामुळे अपयशी रोपणाची किंमत अशा कुटुंबासाठी अधिक असते, आणि आधी साखर आटोक्यात आणण्याचे महत्त्वही तितकेच वाढते. तंबाखू व गुटख्याचे व्यसन हा या भागातील आणखी एक अडथळा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

इन्सुलिनच्या निर्मितीतही मराठवाड्याचा वाटा आहे. वॉखार्ट या कंपनीने २००३ मध्ये मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प औरंगाबाद, म्हणजे सध्याचे छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

स्मृती

बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला अधिकृत मान्यता दिली. भारतात याच दिवशी बालदिनही असतो. ऑन्टारियोतील लंडन येथे ज्या घरात त्यांना इन्सुलिनची कल्पना सुचली ते घर आता संग्रहालय आहे. त्याच्या प्रांगणात १९८९ मध्ये एक ज्योत प्रज्वलित करण्यात आली. इन्सुलिन मधुमेह आटोक्यात ठेवते, तो समूळ बरा करत नाही. म्हणूनच मधुमेहावर कायमचा इलाज सापडेपर्यंत ती ज्योत तेवत ठेवण्याचा संकल्प आहे.